बत्तीस कप, एक हूक

किटलीताई हे नाव तिला हात जाण्याच्या कितीतरी आधी पडलं होतं, हे पहिल्यांदा सांगून टाकलेलं बरं. नाहीतर नवीन माणसाला वाटतं, एक हात कमरेवर आणि दुसरा तोटीसारखा पुढे, म्हणून किटली. तसं नाही. तिला तापायला वेळ लागत नाही आणि तापली की झाकण उडतं, म्हणून किटली.

सहा मजल्यांच्या ऑफिसात तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोपऱ्यात तिचा चहाचा ओटा. तिच्याआधी तो तिच्या आईचा होता. आईने जाताना मागे दागिने ठेवले नाहीत, एक नियम ठेवला. चहा माणसाच्या हातात द्यायचा. टेबलावर ठेवतात तो औषधाचा ग्लास.

त्यामुळे किटलीताईची पद्धत पक्की होती. उजव्या हातात किटली, डाव्या हातात कप. माणसासमोर उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांदेखत ओतायचं, डावा हात लांब करायचा आणि कप त्याच्या हातात द्यायचा. किती रुंद टेबल असो, कितीही फायलींचे ढिगारे असोत, तिचा डावा हात त्यावरून अलगद तरंगत जायचा. अठरा वर्षांत एका कागदावर कपाचा गोल डाग पडला नव्हता. कारकून म्हणायचे, ताई, तुमचा हात आमच्यापेक्षा सरळ रेघ मारतो. ती म्हणायची, तुमच्या रेघा बघूनच मी शिकले, अशा मारायच्या नाहीत म्हणून.

प्रत्येक मजल्यावर चहाची चाकांची एक गाडी होती, पण भरलेल्या किटल्या आणि कप भिंतीतल्या छोट्या लिफ्टने वर यायचे. लिफ्ट म्हणजे दोराने चढणारं लाकडी कपाट, बस. त्या दोराचे पीळ सुटायला लागले होते. किटलीताईने साहेबांना तीनदा सांगितलं. साहेबांचं नाव काहीही असेल, सगळं ऑफिस त्यांना ‘तत्त्वतः’ म्हणायचं, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्या शब्दाचं बोट धरल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

“तत्त्वतः तुमचं म्हणणं बरोबर आहे,” साहेब तिन्ही वेळा म्हणाले.

चौथ्यांदा सांगायची वेळ आली नाही. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर तिने कपांचा ट्रे घ्यायला डावा हात आत घातला, वर काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, आणि कपाट खाली गेलं. हात चौकटीत राहिला.

दवाखान्यातले डॉक्टर भले होते, फक्त रोग्याशी बोलताना सगळं ‘आपण’मध्ये बोलायचे.

“आपण मनगट वाचवू शकणार नाही आहोत,” ते म्हणाले. “पण आपण कोपर वाचवणार आहोत. कोपर राहिलं की आपला निम्मा हात राहिला. त्याच्या खाली जेवढी लांबी ठेवता येईल तेवढी आपण ठेवू, हाडाच्या टोकावर स्नायूंची गादी बसवू, म्हणजे पुढे आपल्याला कृत्रिम हात घालायला सोपं जाईल.”

किटलीताई गुंगीत होती, तरी तिने डोळा उघडला. “आपण म्हणजे कोण? तुमचाही चाललाय का?”

डॉक्टर दोन दिवस नीट ‘तुम्ही’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी ‘आपली जखम छान आहे’ वर परत आले.

जखम भरली, पण गेलेला हात काही जाईना. डोळ्यांना दिसायचा नाही, आतून मात्र होता. तोही साधा नव्हे, घट्ट मूठ वळलेला. बोटांची नखं तळव्यात रुतताहेत असं वाटायचं, तळवा नसताना. डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याच जणांना होतं, मेंदूला बातमी उशिरा पोचते. आरशासमोर उजवा हात धरून उघड-मीट केली तर ती मूठही हळूहळू सैल होईल.

तिने आठवडाभर केलं. मूठ दुखायची थोडी कमी झाली, उघडली नाही.

“राहू दे मिटलेली,” ती म्हणाली. “लागेल कधीतरी.”

घरी आल्यावर कारभार सासूबाईंनी हातात घेतला. सासूबाई एके काळी गाद्या भरायचं काम करायच्या. कशालाही आकार द्यायचा म्हटलं की त्यांच्या बोटांना स्फुरण चढायचं. दवाखान्यातल्या बाईंनी दाखवलं होतं तशी लवचीक पट्टी त्या रोज उरलेल्या हातावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी गुंडाळायच्या, टोकाकडे घट्ट, कोपराकडे सैल, म्हणजे सूज वर सरकते आणि हात निमुळता होतो.

“लोड झाला होता, आता गाजर व्हायला लागलंय,” त्या रोज पट्टी सोडून तपासायच्या. मग खरखरीत टॉवेलने टोक चोळायचं, बोटांनी टकटक करायचं. कातडी निबर झाली पाहिजे, पुढे तिला दिवसभर भार सोसायचा आहे.

“आई, दुखतंय.”

“दुखू दे. गादीसुद्धा धोपटल्याशिवाय बसायला चांगली होत नाही.”

मग आली धाकटी बहीण. ही बहीण प्रत्येक वाक्य ‘मी काही बोलत नाही, पण’ने सुरू करायची आणि मग तासभर बोलायची. तिने कृत्रिम हातांच्या केंद्रातून छापील चित्रं आणली होती. एका चित्रात रबरी हात होता, अगदी खऱ्यासारखा, शिरा उमटलेल्या, नखांवर गुलाबी झाक.

“मी काही बोलत नाही, पण ताई, हा बघ. बाहीतून दिसला तर कुणाला कळणारसुद्धा नाही. चार लोकांत जायचं असतं आपल्याला.”

“काय काय करतो हा?” किटलीताईने विचारलं.

“करतो म्हणजे? दिसतो.”

“म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखा,” सासूबाई पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या.

दुसऱ्या चित्रात विजेवर चालणारा हात होता. तो करायचा बरंच काही, पण जड होता, त्याला रोज चार्जिंग लागायचं आणि पाणी-वाफ त्याला चालत नव्हती. किटलीताईचा सगळा दिवस पाण्यात आणि वाफेत. तिसऱ्या चित्रात नुसता एक स्टीलचा हूक होता, दोन वाकड्या बोटांचा, मागे तार आणि पट्टे. बहिणीने ते चित्र सगळ्यांत खाली ठेवलं होतं. किटलीताईने तेच उचललं.

“मी काही बोलत नाही,” बहीण म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंच बोलली नाही.

केंद्रातला कारागीर, ज्याला सगळे हातवाला म्हणायचे, त्याने प्लास्टरचा साचा घेतला, साच्यावरून कडक सॉकेट केलं, त्यात उरलेला हात मोज्यासकट बसवला. सॉकेटच्या टोकाला हूक. हुकाचं एक बोट पक्कं, दुसरं हलणारं. बुडाशी जाड रबराच्या चकत्या, त्या दोन्ही बोटं मिटलेली ठेवतात. हलणाऱ्या बोटाला तार, ती दंडामागून पाठीवर जाते आणि तिथल्या पट्ट्याला मिळते. तो पट्टा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पाठीवरून फिरून उजव्या काखेत अडकतो. खांदे पुढे घेतले की तार ताणते आणि हूक उघडतो. खांदे सैल सोडले की रबर हूक मिटवतं. ना मोटर, ना बॅटरी. माणसाची पाठच इंजिन.

“बघा, गंमत अशी आहे,” हातवाला म्हणाला. तो कशालाही गंमत म्हणायचा. “ह्याला बोटं नाहीत, पण ह्यातून कळतं. तार किती ताणली ते खांद्याला कळतं, म्हणून हूक किती उघडलाय ते न बघता समजतं.”

गंमत फक्त एवढी होती की हे सगळं तो किटलीताईच्या नवऱ्याला सांगत होता. नवरा घरं रंगवायचं काम करायचा, गरीब स्वभावाचा होता, आणि दर वाक्याला मान हलवत होता.

“अहो,” किटलीताई म्हणाली, “हात माझा आहे. ह्यांच्याशी काय बोलताय? ह्यांचे दोन्ही जागेवर आहेत.”

हातवाला गडबडला. ती चांगलीच तापली. पुढची पाच मिनिटं तिने त्याला बाईमाणसाशी कसं बोलावं ते सांगितलं, आणि त्या पाच मिनिटांत हातवाल्याने नवऱ्याकडे वळून हळूच एक अतिशय महत्त्वाचं वाक्य सांगितलं. नवरा ‘हो हो’ म्हणाला आणि केंद्राच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरून गेला.

तीन आठवड्यांच्या सरावात ती बटणं लावायला, बरणी धरून झाकण फिरवायला शिकली, आणि कपाचा कान हुकाच्या दोन बोटांत पकडायलाही. मग ती कामावर परतली. सगळे मजले बघायला जमले. तिने उजव्या हातात किटली घेतली, हुकात कप, ओतला, एक थेंब सांडला नाही. टाळ्या पडायच्या तेवढ्या बाकी होत्या. समोर दुसऱ्या मजल्यावरचे वयस्कर हेडक्लार्क बसले होते. तिने हात लांब केला.

कप पडला. फायलीवर, टेबलावर, हेडक्लार्कच्या मांडीवर, याच क्रमाने.

आणि हे सगळं दारात उभ्या असलेल्या तत्त्वतः साहेबांनी पाहिलं.

दुपारी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचं टेबल म्हणजे टेबल नव्हे, मैदान. त्यांच्या आधीच्या साहेबांनी ते करून घेतलं होतं आणि ते दारातून बाहेर निघत नाही म्हणून साहेब बदलले तरी टेबल तेच राहिलं.

“तत्त्वतः आम्हाला तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे,” साहेब टेबलाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून म्हणाले. “म्हणूनच आम्ही तुमच्यासाठी हलकं काम बघितलंय. तळघरात स्टेशनरीचं गोदाम आहे. तिथे बसून राहायचं. कोणी पेन्सिल मागितली तर द्यायची. चहाचं म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावर एक मशीन चाचणीसाठी येतंय.”

ती गोदामाची खोली तिला माहीत होती. खिडकी नाही, माणूस नाही, दिवसातून दोन पेन्सिली. आईचा ओटा जाणार, सहा मजले जाणार, हेडक्लार्कच्या शिंका आणि टायपिस्टबाईंच्या जावयाच्या गोष्टी जाणार. तिला आणखीही एक गोष्ट दिसली. बोलताना साहेब तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, भिंतीकडे बघत होते, पंख्याकडे बघत होते, फक्त हुकाकडे बघत नव्हते.

बाहेर आल्यावर ती म्हाताऱ्या शिपाईमामांना म्हणाली, “माझा हूक दिसला की त्यांना तो दोर दिसतो. म्हणून तळघर.”

“मग जाऊ नकोस,” मामा म्हणाले.

ती तशीच मागे वळली, दार न ठोकता आत गेली.

“साहेब, येत्या पंधरवड्याला तुमची सगळ्या खातेप्रमुखांची बैठक आहे ना? किती माणसं?”

“तत्त्वतः बत्तीस. माझ्यासकट.”

“बत्तीस कप मी देते. एकटी, हातात, माझ्या पद्धतीने. एक जरी पडला तर माझ्या पायांनी तळघरात जाते. नाही पडला तर ते मशीन परत पाठवायचं.”

साहेबांना नाही म्हणायचं होतं. पण दार उघडं होतं, बाहेर मामा उभे होते, आणि मामांच्या मागे निम्मा मजला. साहेब म्हणाले, “तत्त्वतः हरकत नाही.”

आता राहिले बारा दिवस, आणि घरातले चौदा कप.

किटलीताईचा अंदाज सरळ होता. कप पडतो म्हणजे पकड ढिली. तिने हुकाच्या बुडाशी आणखी एक रबर चढवलं. कप पडला. आणखी एक चढवलं. पडला. पाचव्या रबराला हूक असा कडक झाला की तो उघडायला खांदे पुढे रेटताना उजव्या काखेत पट्टा रुतायचा आणि संध्याकाळी तिथे लाल वळ उठायचा. कप तरीही पडायचाच. कहर म्हणजे एकदा ती डाव्या हुकात कप धरून उजव्या हाताने खिडकी लोटायला गेली, तर खिडकीही उघडली आणि हूकही. जणू दोघांचं आपसात ठरलं होतं.

चौदातले सहा कप उरले, तेव्हा बहीण आली.

“मी काही बोलत नाही, पण तुला गोदामात काय वाईट आहे? सावलीत बसायचं. आणि तो रबरी हात घातलास तर पेन्सिल मागायला येणाऱ्यालाही बरं वाटेल.”

किटलीताई स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती, हुकात भरलेला कप. झाकण उडालं. तिने बहिणीला तिच्या लहानपणापासूनचा सगळा हिशेब ऐकवला. कुणी कुणाची पाटी फोडली, शाळेत कुणी कुणाचं नाव सांगितलं, आईच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं. बोलताना ती वळली, मान झटकली, पाय आपटला. कप जागच्या जागी. एक थेंब नाही.

मग राग ओसरला, आणि ती म्हणाली, “जाऊ दे, घे, चहा घे.” हात लांब केला. कप पडला.

बहीण पाय वर घेऊन बसली. सासूबाई मात्र पुढे सरकल्या.

“थांब. परत कर.”

“आता पाचच राहिलेत, आई.”

“रिकामा घे. हातात धर. आता हिच्याशी भांड.”

ती भांडली. कप पडला नाही.

“आता हिला दे.”

तिने हात लांब केला. सासूबाईंनी खालून पदराची झोळी करून कप झेलला.

“पकड ढिली नाहीये,” सासूबाई म्हणाल्या. “तू भांडतेस तेव्हा धरतो आणि देतेस तेव्हा सोडतो. म्हणजे तो तुझंच ऐकतोय. तू हात लांब करतेस, मागे ती दोरी ताणते, त्याला वाटतं, उघड म्हणाली.”

किटलीताई हुकाकडे बघत राहिली. मग तिने हळूहळू हात पुढे नेला. पाठीवर पट्टा सरकला, तार ताणली, आणि हुकाचं बोट चोच उघडावी तसं उघडलं. अठरा वर्षं तिची सगळी कारागिरी त्या एका लांब हातात होती, आणि आता नेमकं तेच चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती हातवाल्यासमोर उभी होती. एकटी.

“बघा, गंमत अशी आहे,” तो म्हणाला आणि तिचा चेहरा बघून गंमत गिळली. “हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हात लांब केला की तार आपोआप ताणते. तुमच्या मिस्टरांना सांगितलं.”

“कुणाला सांगितलं?”

हातवाला खाली बघून म्हणाला, “चुकलं माझं.” यानंतर त्या केंद्रात तो ज्याचा हात त्याच्याशीच बोलू लागला, असं म्हणतात.

“तार सैल करू?” त्याने विचारलं. “मग हात लांब केला तरी उघडणार नाही. पण अंगाजवळ असताना नीट उघडणार नाही. बटण लावता येणार नाही, तोंडापर्यंत घास नेऊन सोडता येणार नाही. दोन्ही एकदम मिळत नाही.”

“नको,” ती म्हणाली. “माझं घर चालवायचं सोडून साहेबांसाठी हात सैल करू? किटली हुकात अडकवली आणि कप उजव्या हातात घेतला तर?”

“अडकेल. ओतणार कशी? ओतायला मनगट लागतं.”

तिने खोलीत दोन फेऱ्या मारल्या. भिंतीशी केंद्रातला एक जुना पेशंट बसला होता, सुतार, त्याचाही हूकच. तो इतका वेळ फळीवर रंधा मारत होता. मान वर न करता तो म्हणाला, “हात लांब होत नाही ना? मग हात ठेवा घरी आणि पाय पाठवा.”

“म्हणजे?”

“कोपर बरगडीला चिकटवायचं आणि आख्खं माणूस पुढे न्यायचं. मी खिळे असेच देतो.”

हातवाल्याने तीन रबरं उतरवली, काखेतल्या पट्ट्याखाली मऊ गादी शिवली. उरलेले दिवस किटलीताईने घरात एकच काम केलं. कोपर बरगडीशी, समोरच्याच्या अगदी जवळ जायचं, तो हात पुढे करेल, कप नीट पकडेल, आणि मगच दोन्ही खांदे हलकेच पुढे घ्यायचे. तेवढ्याने हूक उघडतो आणि कप सुटतो. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ही प्रत्येक कपाबरोबर खांदे उडवतेय, घ्यायचा तर घ्या, तुमचं तुम्ही बघा.

“बरं दिसतं,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या स्वभावाला शोभतं.”

बैठकीच्या दिवशी सहाव्या मजल्यावरचं लांबलचक सभागृह भरलं. मामांनी दार उघडं ठेवलं होतं आणि जिन्यावर कारकुनांची गर्दी होती. जिन्यात बसलेल्या हेडक्लार्कनी मांडीवर दोन रुमाल पसरले होते, आणि ते बैठकीत नव्हतेच.

पहिला कप. बांधकाम खात्याचे प्रमुख सवयीने हात टेबलावर ठेवून बसले होते, कप आपल्यापर्यंत येईल म्हणून. किटलीताई त्यांच्या खुर्चीशी जाऊन थांबली. ओतलं. कोपर बरगडीला. थांबली.

ते वाट बघत राहिले. ती वाट बघत राहिली.

“घ्या,” ती म्हणाली. “दोन हात आहेत ना?”

त्यांनी वळून हात पुढे केला. बोटं कपाभोवती बसली. तिने खांदे उडवले. कप त्यांच्या हातात.

दुसरा. तिसरा. सातव्याला सगळ्यांना कळलं, आठवे तर आधीच वळून, हात पुढे करून बसले होते. चौदाव्याला हिशेब खात्याच्या बाई कप घेताना हसल्या आणि त्यांनीही उगाच खांदे उडवले. विसाव्यापर्यंत किटलीताईच्या पाठीवर घामाची रेघ उतरली होती, मोज्याच्या आत कातडी चुरचुरत होती, आणि नसलेली डावी मूठ इतकी घट्ट आवळली गेली होती की नखं नसलेल्या तळव्यातून आरपार जातील. ती मूठ कुणाला दिसत नव्हती, तेही बरंच होतं, कारण ती अगदी साहेबांच्या दिशेने होती.

एकतीस झाले.

बत्तिसावा कप साहेबांचा. सभागृहाच्या टोकाला त्यांच्यासाठी वेगळं टेबल मांडलं होतं. केबिनमधलं मैदान नव्हतं, पण त्याचं भावंडच. दोन्ही बाजूंनी फायलींची कपाटं लावलेली, साहेबांकडे जायला कपाटांच्या मागून एक अरुंद वाट, आणि त्या वाटेत पाहुण्यांच्या जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. त्या मुद्दाम कुणी रचल्या होत्या की कुठेतरी ठेवायच्या म्हणून, हे आजपर्यंत कळलेलं नाही. मामा म्हणतात मुद्दाम. मामा सगळंच मुद्दाम म्हणतात.

किटलीताई टेबलाच्या अलीकडच्या काठाशी येऊन थांबली. ओतलं. किटली गाडीवर ठेवली. मधे दीड माणूस रुंदीचं लाकूड.

साहेबांनी हात पुढे केला. पोचला नाही. आणखी वाकले. पोचला नाही.

“जरा पुढे करा,” ते म्हणाले.

“पुढे केला की पडतो.”

“तत्त्वतः मग... इथे ठेवा. टेबलावर.”

“टेबलावर ठेवतात तो औषधाचा ग्लास,” ती म्हणाली. “तब्येत बरी नाही का?”

खाली मान घालून एकतीस जण कपात बघायला लागले. जिन्यावर कुणीतरी खोकल्याचा आव आणला.

साहेब कपाकडे बघत होते. कपाकडे बघायचं म्हणजे हुकाकडे बघायला लागतं, कारण कप हुकातच होता. त्यांनी बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. स्टीलची दोन बोटं, बुडाशी रबर, बाहीखाली शिरणारी तार.

“या ना,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी इथवर आलेय. उरलेलं तुम्ही या.”

साहेब उठले. त्यांनी एक खुर्ची उचलून बाजूला ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. कुणी मदतीला उठलं नाही. ते कपाटाला वळसा घालून आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. आता त्यांच्यात फक्त कप होता.

“लिफ्टचा दोर बदलला का हो?” तिने विचारलं.

“बदलला.”

“कधी?”

साहेबांनी घसा साफ केला. “त्याच आठवड्यात. तुमच्या... नंतर.”

“म्हणजे तत्त्वतः लवकरच,” ती म्हणाली.

तो शब्द तिने हुबेहूब त्यांच्यासारखा म्हटला, नाकातून सुरू करून छातीत संपवला. मागे कुणाला तरी चहा चुकीच्या नळीत गेला.

साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी हात पुढे केला. एक नव्हे, दोन्ही. दोन्ही तळव्यांनी त्यांनी कप धरला, जसा लहान मुलं धरतात, आणि म्हणाले, “तीनदा सांगितलं होतं तुम्ही.”

त्या वाक्यात तत्त्वतः नव्हतं. सगळ्या सभागृहाने ते ऐकलं.

“हो,” ती म्हणाली. त्यांची बोटं नीट बसली आहेत हे तिने पाहिलं, आणि खांदे उडवले.

मशीन चार दिवसांनी गेलं. तोवर कुणीतरी त्यावर छत्र्या लटकवायला सुरुवात केली होती, त्या काढताना वेळ लागला. दोर दर महिन्याला तपासायचा असा कागद निघाला. महिना झाला की मामा स्वतः लिफ्टपाशी उभे राहून दोर ओढून बघतात, आणि साहेब येऊन बघतात की मामा बघताहेत. आणि आता त्या ऑफिसात एक वेगळीच सवय लागली आहे. चाकांचा आवाज आला की माणसं खुर्चीतून अर्धी उठतात, हात पुढे करतात, आणि कप मिळाला की खांदे उडवतात. नव्या माणसाला वाटतं, इथे सगळ्यांचीच मान आखडलीये.

बैठक झाली त्या संध्याकाळी किटलीताई घरी आली. पट्टे काढायच्या आधी तिने चहा टाकला. सासूबाई खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या.

“किती पडले?”

“एकही नाही.”

“मग आण माझा.”

किटलीताई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली, कोपर बरगडीला, हुकात कप.

“या, घ्या.”

“अगं, मला कशाला उठवतेस? घरच्यांना काही सवलत?”

“नाही.”

सासूबाई कुरकुरत उठल्या. उठता उठता गुडघ्याला, सुनेला आणि सगळ्या ऑफिसला त्यांनी एकेक वाक्य ऐकवलं. मग दाराशी येऊन दोन्ही हातांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “साखर कमी आहे.”

तिने खांदे उडवले. हूक उघडला, रिकामाच, आणि टक्‌ करून मिटला.